चिनी शिकणारे मूल आणि संशोधकांची फूटपट्टी

लहान मुले भाषा चटकन उचलतात. चिनी लिपी चित्रांची असल्यामुळे मुलांना ती सोपी जाते. आणि चिनी अक्षरे यायची तर गिरवण्यावाचून गत्यंतर नाही. परदेशी मुलांना चिनी शिकवण्याचा विषय निघाला, की ही तीन विधाने हटकून कानांवर पडतात. तिन्हींच्या शेपटीला ‘हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे एक वाक्य जोडलेले असते. त्या वाक्याच्या भरवशावर शाळा वेळापत्रक आखतात, पालक फी भरतात आणि सहा वर्षांचे मूल वहीतल्या चौकटी भरत बसते.

हे संशोधन आहे तरी कोणते? त्यातले काही गाजलेले प्रयोग या लेखात तपासून पाहू. तपासण्यासाठी प्रश्न तीनच घेऊ. प्रयोगातले मूल कोणते होते? त्याचे नेमके काय मोजले? आणि तुलना कोणाशी केली? हे प्रश्न विचारायला चिनी भाषा यावी लागत नाही. वर्गात शिकवण्याचा अनुभव मात्र उपयोगी पडतो.

मुलापुढचे काम

आधी मुलाला काय शिकायचे असते ते पाहू. येथे चिनी म्हणजे मँडरीन. या भाषेत चार सूर आहेत. ‘मा’ हा उच्चार उंच आणि सपाट सुरात केला तर अर्थ होतो आई. सूर चढता ठेवला तर तागासारखी धाग्याची वनस्पती, खाली जाऊन वर आला तर घोडा आणि झटकन उतरला तर रागावणे. मराठीतही आपण ‘हो’ हा शब्द निरनिराळ्या सुरांत म्हणतो. कधी त्यात होकार असतो, कधी शंका, कधी वैताग. पण सुरामुळे ‘हो’चा घोडा होत नाही. आपल्याकडे सुराने भाव बदलतो, चिनीत शब्दच बदलतो.

लिपीचे म्हणाल, तर ती चित्रलिपी आहे हा समज फार थोड्या अक्षरांपुरता खरा आहे. ‘आई’साठी असलेले अक्षर घ्या. त्याच्या डावीकडे स्त्रीची खूण असते आणि उजवीकडे घोड्याची. या घोड्याचा आईशी काही संबंध नाही. ‘माझा उच्चार मा सारखा आहे’ एवढेच सांगायला तो तेथे उभा आहे. म्हणजे अर्धे अक्षर अर्थ सुचवते आणि अर्धे उच्चार. शू ह्वा आणि सहकाऱ्यांनी चीनच्या प्राथमिक शाळांतील पाठ्यपुस्तकांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध केली. सहा इयत्तांत शिकवल्या जाणाऱ्या २,५७० अक्षरांपैकी सुमारे ७२ टक्के अक्षरे याच घडणीची निघाली. मात्र शतकानुशतके उच्चार बदलत गेल्यामुळे उच्चाराची खूण अचूक ठरते अशी अक्षरे त्यांत निम्म्याहूनही कमी आहेत.

चीनमधले मूल शाळेत येते तेव्हा हजारो शब्द त्याच्या कानांत आणि जिभेवर असतात. १९५८ साली चीनने स्वीकारलेली ‘पिनयिन’ ही रोमन अक्षरांतील उच्चारलेखनाची पद्धत ते सुरुवातीच्या काळातच शिकते आणि तिच्या आधाराने चिनी अक्षरे शिकत जाते. त्याला ओळखीच्या शब्दाची गाठ अनोळखी खुणेशी मारायची असते. ‘हा घोडा मा म्हणतो आहे आणि शेजारी बाई आहे, म्हणजे ही आई’ असा तर्क ते करू शकते, कारण आईला काय म्हणतात ते त्याला आधीच ठाऊक असते. परदेशी मुलाला तो शब्दच माहीत नसतो. घोड्याने उच्चार सांगितला तरी त्या उच्चाराचे करायचे काय? ध्वनी, सूर, अर्थ आणि खूण अशा चारही गोष्टी त्याला एकदमच नव्या असतात. एकाच वयाच्या या दोन मुलांमधला हा फरक पुढच्या प्रत्येक प्रयोगाच्या वेळी लक्षात ठेवायला हवा.

फिलाडेल्फियातील तीस अक्षरे

पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख १९७१ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात आला. फिलाडेल्फियातील दुसरीतली, इंग्रजी वाचन अजिबात न जमणारी मोजकी मुले त्यांनी निवडली. त्यांना तीस चिनी अक्षरे शिकवली. पावणेतीन ते साडेपाच तासांच्या शिकवणीनंतर ही मुले त्या अक्षरांत लिहिलेली वाक्ये वाचू लागली. ज्यांना दीड वर्षात साधे इंग्रजी शब्द वाचता येत नव्हते, ती काही तासांत चिनी अक्षरे वाचतात, ही बातमी कोणालाही चकित करणारीच होती.

आता आपले प्रश्न विचारू. मुले होती वाचनात अडखळणारी. मोजले काय? तर इंग्रजी! प्रत्येक अक्षराला इंग्रजी शब्द दिला होता आणि वाक्येही इंग्रजी रचनेची होती. चिनी भाषेचा एकही ध्वनी मुलांनी शिकला नाही. तीस खुणा आणि तीस ओळखीचे शब्द यांच्या जोड्या मात्र त्यांनी पक्क्या केल्या. हे काम चिनी मुलाच्या कामासारखे आहे, चिनी शिकणाऱ्या परदेशी मुलाच्या कामासारखे नाही. शिवाय तीस खुणा एकूण आकारावरून लक्षात राहतात. तीनशे झाल्या की एका रेषेच्या फरकाची अक्षरे समोर येतात आणि आकाराची ढोबळ ओळख पुरत नाही. तुलनेचे पाहू गेले तर या मुलांना शिकवणी मिळाली, नवा खेळ मिळाला आणि ज्या इंग्रजी अक्षरांपुढे ती रोज हरत होती त्यांच्यापासून सुटका मिळाली. यश अक्षरांचे किती आणि या बाकीच्या गोष्टींचे किती, हे वेगळे काढता येत नाही.

येथे संशोधकांवर अन्याय करून चालणार नाही. खुणांच्या नावीन्याचा वाटा त्यांनी स्वतःच नोंदवला होता. त्यांचा खरा मुद्दा वेगळा होता. सुटा व्यंजनध्वनी ही मुलासाठी फार अमूर्त गोष्ट आहे, म्हणून वाचनाची सुरुवात अक्षरावयवापासून, म्हणजे ‘का’, ‘मी’ अशा बोलता येणाऱ्या तुकड्यापासून करून पाहावी, असे त्यांनी सुचवले. बाराखडीवर वाढलेल्या मराठी शिक्षकाला ही सूचना लगेच पटेल. पण लेखातला हा मोलाचा भाग मागे पडला आणि ‘चिनी लिपी मुलांना सोपी’ हे घोषवाक्य पुढे गेले.

त्या घोषवाक्याला उत्तर मिळाले १९८२ साली. हॅरल्ड स्टीव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी तैपेई, सेंदाई आणि मिनिॲपोलिस या तीन शहरांतील पाचवीच्या मुलांच्या वाचनाची तुलना केली. वाचनात गंभीर अडचणी असलेली मुले तिन्ही ठिकाणी सापडली. लिपी बदलली की अडचण नाहीशी होते, हे काही खरे नव्हते.

सिॲटलची बाळे

‘लहान वयात भाषा चटकन येते’ या विधानासाठी बहुधा पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ सालच्या प्रयोगाचा दाखला देतात. प्रयोग देखणा आहे. सिॲटलमधील इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरीन बोलणाऱ्या माणसांनी सुमारे २५ मिनिटांच्या बारा बैठकांत गप्पा मारल्या, गोष्टींची पुस्तके वाचली, खेळणी दाखवली. त्यानंतर मँडरीनमधील दोन जवळचे ध्वनी बाळे तैवानमधल्या बाळांइतकेच चांगले ओळखू लागली. इतक्याच बैठका इंग्रजीतून घेतलेल्या बाळांना तो फरक तितका जाणवत नव्हता. विशेष म्हणजे तीच माणसे, तोच मजकूर दूरदर्शन संचावर किंवा नुसत्या ध्वनिफितीवर दिला तर काहीही फायदा झाला नाही.

तुलना येथे चोख आहे. पण मूल नऊ महिन्यांचे आहे आणि मोजली आहे ती फक्त दोन ध्वनींमधला फरक ओळखण्याची क्षमता. या बाळांना चिनीचा एक शब्दही आला असे कुल यांनी म्हटलेले नाही. प्रयोगातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे समोर बोलणाऱ्या जिवंत माणसाची गरज. पण चित्रफिती विकणाऱ्यांच्या हाती पडल्यावर त्यातून उचलले गेले ते फक्त ‘जितके लहान तितके चांगले’ हे वाक्य.

खुद्द मँडरीन बोलणाऱ्या घरांतली मुलेसुद्धा सुरांवर वाटते तितक्या लवकर हुकमत मिळवत नाहीत. तीन वर्षांची मुले चारही सूर बिनचूक काढतात असा समज बराच काळ होता. पुइसान वाँग आणि सहकाऱ्यांनी २००५ साली या वयाच्या मुलांचे उच्चार बारकाईने तपासले, तेव्हा ते मोठ्यांच्या उच्चारांच्या तोडीचे नाहीत असे दिसले. घरात दिवसभर भाषा ऐकणाऱ्या मुलाची ही गोष्ट. मग आठवड्यातून दोन तास चिनी ऐकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाकडून आपण कशाची अपेक्षा धरतो?

वयाच्या प्रश्नावर नीट तुलना झाली ती दुसऱ्या भाषेच्या बाबतीत. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास कॅथरीन स्नो आणि मारिआन हूफनागेल-हूले यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षात डच भाषा सर्वांत वेगाने आली ती बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना. तीन ते पाच वर्षांची मुले मागे होती. बार्सिलोनातील शाळांत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवर कार्मेन मुनोझ यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासातही, तितक्याच तासांत उशिरा सुरुवात केलेली मुले पुढे गेलेली दिसली. लहान मुलाचे बळ वेगात नसते. भरपूर भाषा कानांवर पडत राहिली तर ते दीर्घकाळात फार दूर जाते, एवढाच त्याचा अर्थ. शाळेच्या दोन तासांत ती ‘भरपूर भाषा’ येणार कोठून, हा प्रश्न घोषवाक्यात हरवून जातो.

गिरवावे की ओळखावे?

वर्गाच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा वाद हाच. तान ली-हाय आणि सहकाऱ्यांनी २००५ साली बीजिंगच्या प्राथमिक शाळांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचे अक्षरलेखन चांगले त्यांचे वाचन चांगले, असा ठळक संबंध त्यांना आढळला. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी म्हटले, की चिनी वाचन लेखनावर अवलंबून आहे. पण दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. चांगले वाचणारी मुले अधिक लिहीत असतील, किंवा दोन्हींच्या मागे घरचा अभ्यास असेल. २००९ साली बी यान-चाव आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या एका रुग्णाची नोंद मांडली. त्याची अक्षरे लिहिण्याची क्षमता गेली होती, तरी वाचन टिकून होते. मोठ्या माणसात एकदा पक्के झालेले वाचन लेखनावाचून टिकू शकते, एवढे यावरून कळते. शिकताना लेखनाची मदत होते की नाही, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

मदत होते का, याचा थेट प्रयोग ग्वान, चार्ल्स परफेटी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. हाताने लिहिल्यावर अक्षराची ओळख पक्की झाली आणि पिनयिन टंकल्यावर उच्चार पक्का झाला. उत्तर समतोल आहे आणि पद्धतही चांगली. पण शिकणारे होते अमेरिकेतील विद्यापीठाचे विद्यार्थी! त्यांच्या बोटांवर ताबा असतो, त्यांना स्वतःची चूक स्वतः दिसते आणि कंटाळा आला तरी गुणांसाठी ते टिकून राहतात. पहिलीतले मूल अजून पेन्सिल धरायला शिकत असते.

म्हणजे सहा वर्षांच्या परदेशी मुलाने प्रत्येक अक्षर वीस वेळा लिहावे, या सल्ल्याच्या एका बाजूला भाषा आधीच येणारी चिनी मुले आहेत आणि दुसऱ्या बाजूला प्रौढ विद्यार्थी. ज्याने लिहायचे ते मूल दोन्हींत नाही.

सिंगापूरला हा प्रश्न टाळता आला नाही. तेथे चिनी वंशाच्या मुलांना शाळेत चिनी ‘मातृभाषा’ म्हणून शिकावी लागते, पण पुष्कळ घरांत ती बोलली जात नाही. प्राथमिक पहिलीत येणाऱ्या चिनी वंशाच्या मुलांपैकी मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुले १९९१ साली २८ टक्के होती, २०१० साली ती ५९ टक्के झाली. २००४ सालच्या आढावा समितीने ‘अधिक ओळखावे, कमी लिहावे’ अशी दिशा दिली आणि मुलाच्या घरच्या भाषेनुसार पाठांचे वेगवेगळे गट सुचवले. वर्गात बसलेली मुले एकसारखी नाहीत, हे मान्य करूनच या धोरणाची सुरुवात झाली. संशोधनाने शिकण्यासारखी गोष्ट आहे ही.

पोर्टलंडची सोडत

पद्धतीच्या दृष्टीने सर्वांत भक्कम अभ्यास ओरेगॉन राज्यातील पोर्टलंडचा म्हणता येईल. तेथील सरकारी शाळांत काही विषय स्पॅनिश, रशियन, जपानी किंवा मँडरीनमधून शिकवणारे वर्ग आहेत. जागा कमी आणि अर्ज जास्त असल्याने प्रवेश सोडतीने देतात. हौशी पालकांची मुले मुळातच पुढे असतात, ही या प्रकारच्या अभ्यासांची नेहमीची अडचण. सोडतीमुळे ती दूर झाली, कारण चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या, दोन्हींच्या घरी हौस सारखीच होती. जेनिफर स्टील आणि सहकाऱ्यांनी अशा सात तुकड्यांचा मागोवा घेऊन २०१७ साली निष्कर्ष मांडले. चिठ्ठी लागलेली मुले वाचनात पाचवीत सुमारे सात महिने आणि आठवीत सुमारे नऊ महिने पुढे होती. गणित आणि विज्ञानात फायदा फारसा दिसला नाही, पण नुकसानही झाले नाही.

मग अडचण कोठे आहे? हे वाचन इंग्रजी वाचन होते. परभाषेतून शिकल्याने मुलाची इंग्रजी मागे पडते का, हा पालकांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मिळाले. चिनी किती आली, हा प्रश्न सोडतीच्या तुलनेने सुटू शकत नाही, कारण चिठ्ठी न लागलेल्या मुलाला चिनी येतच नसते. शिवाय चार भाषांत सर्वाधिक मुले स्पॅनिशची होती. तरीही चिनी वर्गांच्या जाहिरातीत ‘नऊ महिने पुढे’ हा आकडा जसाच्या तसा वापरणे म्हणजे शेजारच्या शेतातले पीक आपल्या बांधावर मोजणे आहे.

फूटपट्टी काय मोजते?

चिनी किती आली हे मोजायला गेले, की चाचणीचा प्रश्न येतो. चीनबाहेरील शाळकरी मुलांसाठी ‘वायसीटी’ नावाची चाचणी आहे. तिची पहिली पायरी ऐंशी शब्दांची, चौथी सहाशे शब्दांची. पहिल्या पायरीच्या प्रश्नपत्रिकेत चिनी अक्षरांसोबत पिनयिनही छापलेले असते. मुलाला धीर यावा म्हणून हे योग्यच आहे. पण उत्तर बरोबर आले तर मुलाने अक्षर वाचले की त्याच्या सोबतची रोमन ओळ, हे कसे कळणार? रोमन अक्षरे ओळखीची असलेल्या मुलाची नजर साहजिकच तिकडे जाते. असे गुण ‘अक्षरवाचन’ म्हणून संशोधनात धरले, तर निष्कर्ष पहिल्याच पायरीवर घसरतो.

अमेरिकेतल्या अनेक वर्गांत आणखी एक गुंता असतो. काही मुलांच्या घरी आजी-आजोबा चिनी बोलतात, काहींच्या घरी कोणीच नाही. दोन्हींची सरासरी एकत्र काढली तर ती यांपैकी कोणत्याच मुलाची नसते.

या सगळ्याचा अर्थ हे प्रयोग टाकाऊ आहेत असा नाही. बीजिंगचा अभ्यास बीजिंगच्या मुलांबद्दल, सिॲटलचा बाळांच्या कानांबद्दल आणि पोर्टलंडचा इंग्रजी वाचनाबद्दल बरेच काही सांगतो. तक्रार आहे ती निष्कर्षांनी मारलेल्या उडीबद्दल, आणि तीही बहुतेक वेळा मूळ संशोधकाने मारलेली नसते. वर्गात उपयोगी पडेल असा अभ्यास अवाढव्य असण्याची गरज नाही. घरी चिनी न बोलणारी पहिलीची मुले घ्यावीत. दोन तुकड्यांना तेच शब्द तितक्याच तासांत शिकवावेत. एकीत महिनाभर फक्त बोलणे-ऐकणे आणि मग अक्षरे, दुसरीत दोन्ही पहिल्या दिवसापासून. तपासताना पिनयिन झाकावे, ऐकणे आणि वाचणे वेगळे मोजावे आणि मोठ्या सुटीनंतर पुन्हा एकदा तपासावे. सुटीनंतर काय उरले, हे शिक्षकाला जेवढे महत्त्वाचे वाटते तेवढे प्रयोगशाळेला क्वचितच वाटते.

चिनी आपल्या वर्गांपासून दूर आहे, पण हा घोळ दूर नाही. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आले. तेव्हाही ‘लहान वयात भाषा चटकन येते’ हे विधान सर्वांच्या तोंडी होते. ते कोणत्या वयाच्या, कोणत्या घरच्या आणि दिवसाला किती तास ती भाषा ऐकणाऱ्या मुलांवरून काढले होते, हे फारसे कोणी विचारले नाही. पुढच्या वेळी प्रशिक्षणात कोणी ‘संशोधन सांगते’ असे म्हणाले, तर हात वर करून एवढेच विचारावे: ते मूल माझ्या वर्गातले होते का?